कोंड्यावरची बुरशी आणि जोकिची ताकामिने

भिवंडीत सूत थेट मागावर चढत नाही. आधी ते सायझिंगमध्ये जाते. तिथे ताण्याच्या धाग्याला खळ दिली जाते, म्हणजे स्टार्चच्या गरम पातळ लापशीतून काढून तो वाळवला जातो. खळ नसेल, तर यंत्रमागाच्या हिसक्यांनी धागा पिंजतो आणि तुटतो. पण कापड विणून झाल्यावर हीच खळ नकोशी होते. ती अंगावर असताना कापड रंगवले तर रंग एकसारखा बसत नाही, डाग पडतात. नुसत्या पाण्याने ती पुरती निघत नाही आणि तीव्र आम्लाने काढायला जावे तर सुताचीच ताकद जाते. म्हणून प्रोसेस हाऊसमध्ये ग्रे कापड कोमट पाण्यात बुडवून त्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालतात. त्याचे नाव अमायलेज. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते, तुकडे पाण्यात विरघळतात आणि कापसाच्या धाग्याला धक्का लागत नाही.

धान्यापासून बिअर होते तीही याच विकराच्या जोरावर. सूक्ष्मजीवापासून मिळवलेले अमायलेज कारखान्यात तयार करून बाटलीत भरणारा आणि त्यावर अमेरिकेत पेटंट घेणारा पहिला माणूस म्हणजे जोकिची ताकामिने. अ‍ॅड्रेनालिन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याबद्दल वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते. पण त्याची सुरुवात दारूच्या भट्टीत झाली, आणि त्याच भट्टीपायी तो जवळजवळ संपलाही होता.

ताकामिनेचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी जपानमधल्या ताकाओका गावी झाला. वाढला तो कानाझावात. वडील सामुराई वर्गातले वैद्य. पाश्चात्त्य वैद्यक आणि रसायन शिकलेले, मुलाकडूनही तीच अपेक्षा ठेवणारे. आईचे माहेर साके गाळणाऱ्यांचे होते. तांदळाची वाफ, लाकडी पिंपे, आंबण्याचा वास आणि भातावर जाणूनबुजून वाढवलेली पांढरी बुरशी हे सगळे त्याने शाळेत रसायनशास्त्राचा पहिला धडा गिरवण्याआधीच पाहिले होते.

ही बुरशी समजून घेतली, तर पुढची गोष्ट समजते.

दारू तयार करते ते यीस्ट. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. द्राक्षात, उसाच्या रसात किंवा ताडीमाडीच्या झाडाच्या रसात साखर तयारच असते, म्हणून ते रस आपोआप आंबतात. धान्यात मात्र साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. मधे कोणीतरी स्टार्चची साखर करून द्यावी लागते. युरोपने हे काम जवाकडून करून घेतले. जव भिजवून त्याला मोड आणले की दाणा स्वतःच्या रोपासाठी विकरे तयार करतो. मोड आलेला दाणा वाळवला की झाले माल्ट. हा प्रकार मराठी घराला परका नाही. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून दळली की जे सत्त्व तयार होते ते नाचणीचे माल्टच. माल्टमधले हे विकर फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी १८३३ मध्ये वेगळे केले आणि त्याला डायस्टेज हे नाव दिले.

पूर्व आशियाने दुसरी वाट धरली. जपानी माणूस तांदळाला मोड आणत बसला नाही. त्याने भात वाफवला, त्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचे बीज भुरभुरले आणि उबदार खोलीत ठेवून दिला. दोनेक दिवसांत भातावर पांढरा मखमली थर येतो. याला म्हणतात कोजी. ही बुरशी मोड आलेल्या दाण्यासारखीच विकरे सोडते, आणि तीही भरपूर. साके, सोया सॉस, मिसो या सगळ्यांच्या मुळाशी कोजी आहे.

इथे एक खुलासा हवा. कोजीची बुरशी शेकडो वर्षे निवडून माणसाळवलेली आहे. तिची रानटी भावंडे शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. शिळ्या भातावर किंवा भाकरीवर आलेली बुरशी म्हणजे कोजी नव्हे. ते अन्न फेकूनच द्यावे.

ताकामिने शिकायला लवकर घराबाहेर पडला. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला नागासाकीला पाठवले, कारण परदेशी भाषा आणि विद्या शिकण्यासाठी जपानमध्ये ते महत्त्वाचे बंदर होते. पुढे तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून तो १८७९ मध्ये रसायनशास्त्रात पदवीधर झाला. सरकारने त्याला स्कॉटलंडला धाडले. ग्लासगोमध्ये त्याने १८८० ते १८८३ अशी वर्षे काढली. परतल्यावर शेती आणि व्यापार खात्यात नोकरी मिळाली. १८८४ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स इथे कापसाच्या व्यापाराच्या शताब्दीनिमित्त जागतिक प्रदर्शन भरले, तिथे जपानचा प्रतिनिधी म्हणून तो गेला. या एका प्रवासात त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक, फॉस्फेट खताची माहिती. दुसरी, कॅरोलिन हिच ही तरुणी. तिच्याशी त्याने १८८७ मध्ये लग्न केले, आणि त्याच वर्षी शिबुसावा एइइची यांच्यासारख्या उद्योगपतींना सोबत घेऊन तोक्योत सुपरफॉस्फेट तयार करणारी कंपनी उभी केली. जपानमधला तो या प्रकारचा पहिलाच कारखाना.

खताचा धंदा नुकता रांगायला लागला होता, आणि ताकामिनेच्या डोक्यात भलतेच घोळत होते. अमेरिकन व्हिस्की मुख्यतः मक्याची, पण मक्याच्या स्टार्चची साखर करायला त्यात जवाचे माल्ट घालावे लागे. माल्टला आठवडाभर किंवा जास्त वेळ लागतो, मोठी जमीन लागते, दाणे सतत परतायला माणसे लागतात आणि चांगला जव महाग. मग माल्टच्या जागी कोजी घातली तर? त्याहून धाडसी प्रश्न पुढचा होता. कोजी तांदळावरच का वाढवायची? गव्हाच्या पिठाच्या गिरणीत मागे उरणारा कोंडा अमेरिकेत कवडीमोलाने मिळत होता. ताकामिनेने बुरशी त्या कोंड्यावर वाढवली. ती तिथे जोमाने वाढली, दोन दिवसांत तयार झाली आणि तिची ताकद माल्टपेक्षा सरस निघाली. मक्याची लापशी, गव्हाचा कोंडा आणि जपानी बुरशी! व्हिस्कीच्या पिढीजात कारागिरांना हे मिश्रण हास्यास्पद वाटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

आजही घरी बिअर करणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींपुढे हाच प्रश्न असतो. जवाबरोबर राय, ओट्स, तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी असे काहीही घालता येते, पण विकर कोणत्या दाण्याकडून येणार हे आधी ठरवावे लागते. मोड न आलेला तांदूळ किंवा मका आधी शिजवावा लागतो, कारण न शिजलेल्या स्टार्चला विकर नीट भिडत नाही. शिजवूनही त्यात पुरेसे माल्ट घातले नाही तर हाती उरते ती नुसती पेज. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून तिची बिअर पिढ्यानपिढ्या होते, मात्र ज्वारीच्या माल्टमधली विकरे जवाच्या मानाने दुबळी असतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हौशींनी हे ज्ञान स्वयंपाकघरापुरते ठेवलेले बरे.

स्वयंपाकघरात त्याचा उपयोग आहेही. लहान बाळाची पेज घट्ट केली तर ते गिळत नाही, पातळ केली तर पोटात पाणीच जास्त जाते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की शिजलेल्या घट्ट पेजेत मोड आलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ कालवले तर काही मिनिटांत ती पातळ होते. दाणा तेवढाच, उष्मांक तेवढेच, पण बाळ ते सहज घेते. पेज घातल्यावर पुन्हा थोडी गरम करून घ्यावी. आजीच्या नाचणी सत्त्वाला यापेक्षा चांगले प्रमाणपत्र मिळणे कठीण.

ताकामिने १८९० मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह अमेरिकेला गेला. मागे राहिलेल्या खत कंपनीच्या भागीदारांना ते रुचले नाही, आणि ते रुचण्यासारखे नव्हतेही. अमेरिकेतल्या दारूभट्ट्यांचा मोठा संघ, लोक ज्याला व्हिस्की ट्रस्ट म्हणत, त्याने ताकामिनेच्या पद्धतीत रस दाखवला होता. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात काम सुरू झाले. हे शहर तेव्हा व्हिस्कीची राजधानीच होते, आणि तिथे माल्ट तयार करणाऱ्यांची मोठी वस्ती होती. परदेशी माणसाची ही बुरशी चालली तर आपली चूल विझणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. ताकामिनेने माल्टच्या कामगारांना आपल्या कारखान्यात चांगल्या पगारावर घेण्याची तयारी दाखवली, असे त्याच्या चरित्रांत येते. राग त्याने शमला नाही. १८९१ मध्ये कारखाना आगीत जळाला. आग लावली गेली असा संशय सगळीकडे होता, सिद्ध काहीच झाले नाही.

माल्टवाल्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. यंत्रमाग आल्यावर हातमागावरच्या विणकराचे काय झाले हे ज्या गावाने पाहिले आहे, आणि आता स्वयंचलित मागांपुढे साध्या यंत्रमागांचे काय होते आहे हे जे गाव रोज पाहते, त्या भिवंडीत तरी पिओरियाचा राग कळायला हवा.

काम पुन्हा उभे करताना ताकामिनेचे दुखणे उफाळले. यकृताचा जुना विकार इतका बळावला की त्याला आगगाडीने शिकागोला न्यावे लागले. कॅरोलिनने धडपड करून शस्त्रक्रिया घडवून आणली. तो वाचला, पण तोवर व्हिस्की ट्रस्ट स्वतःच गोत्यात आला होता. भावांच्या चढउतारात, भांडणांत आणि कोर्टकज्ज्यांत तो मोडला. कोंड्याची व्हिस्की बाजारात टिकली नाही. चाळिशीतला ताकामिने परक्या देशात, आजारी, दोन मुलांचा बाप आणि धंदा बुडालेला असा उरला.

त्याच्याजवळ होती ती फक्त बुरशी, आणि पुढची कल्पना तिच्यातूनच निघाली. कोजीतले विकर पाण्यात उतरवायचे, अल्कोहोल घालून साक्याच्या रूपात खाली बसवायचे आणि वाळवून पूड करायची. भट्टीत स्टार्च पचवणारे हे विकर माणसाच्या पोटात का पचवणार नाही? सप्टेंबर १८९४ मध्ये त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवापासून काढलेल्या विकराचे अमेरिकेतले हे पहिले पेटंट मानले जाते. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते औषध टाका-डायस्टेज नावाने बाजारात आणले. भात, बटाटे, पाव जास्त खाऊन पोट जड होणाऱ्यांसाठी. ते धो धो खपले. जपानमध्ये ते विकायला सुरू झालेल्या दुकानातूनच पुढे सांक्यो ही मोठी औषध कंपनी उभी राहिली आणि १९१३ मध्ये ताकामिने तिचा पहिला अध्यक्ष झाला. नात्सुमे सोसेकी या जपानी कादंबरीकाराच्या मांजराच्या तोंडून सांगितलेल्या प्रसिद्ध कादंबरीतला पोटदुख्या मास्तरही हेच औषध घेतो.

भारतात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पाचक सिरपच्या बाटलीवर आजही फंगल डायस्टेज हे शब्द छापलेले असतात. ते थेट ताकामिनेच्या कोंड्यावरून आलेले आहेत. मात्र त्या बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नये. निरोगी माणसाची लाळ आणि स्वादुपिंड मिळून स्टार्च पचवायला पुरेसे अमायलेज तयार करतात. जेवणानंतर पोट जड होण्याची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात. घाईने खाणे, जास्त खाणे, आम्लपित्त, बद्धकोष्ठ, ताण. ज्यांचे स्वादुपिंड खरोखर निकामी होते, त्यांना चरबी पचवणाऱ्या विकरासह असलेल्या वेगळ्या कॅप्सूल डॉक्टर देतात, तिथे हे सिरप पुरत नाही. वजन घटत असेल, शौच तेलकट होत असेल किंवा पोटदुखी रात्री उठवत असेल, तर सिरपच्या दुसऱ्या बाटलीऐवजी तपासणी करून घ्यावी.

औषधाच्या पैशातून ताकामिनेने न्यूयॉर्कमध्ये छोटी प्रयोगशाळा थाटली. पार्क-डेव्हिसने त्याच्यापुढे नवे काम ठेवले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९० च्या दशकात दाखवले होते. पण तो अर्क लवकर नासे, आणि त्यातले नेमके द्रव्य कोणाच्या हाती लागत नव्हते. अमेरिकेतला नामवंत औषधशास्त्रज्ञ जॉन एबल त्याच्यामागे अनेक वर्षे होता. त्याने एक पदार्थ काढून त्याला एपिनेफ्रिन नाव दिले, पण तो शुद्ध द्रव्य नव्हता, त्याला प्रयोगात वापरलेल्या रसायनाचा एक भाग चिकटून राहिला होता.

ताकामिनेकडे तोवर जपानहून केइझो उएनाका हा चोवीस वर्षांचा साहाय्यक आला होता. नैसर्गिक द्रव्ये वेगळी काढण्याचे काम त्याने तोक्योत नागायोशी नागाई यांच्या हाताखाली शिकलेले. खाटीकखान्यातून येणाऱ्या ग्रंथींचा अर्क काढायचा, हवेने तो नासू नये म्हणून जपायचा, आटवायचा, मग अमोनिया घालून पाहायचे. १९०० च्या उन्हाळ्यात नळीच्या तळाशी स्फटिक बसले. शुद्ध स्वरूपात हाती आलेले ते पहिले संप्रेरक. ताकामिनेने त्याला अ‍ॅड्रेनालिन म्हटले.

त्याचा उपयोग ताबडतोब सुरू झाला. डोळ्याच्या आणि नाकाच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला, दम्याचा झटका आवरायला, आणि काही वर्षांत दाताच्या भूल देणाऱ्या सुईत मिसळायला. रक्तवाहिन्या आकसल्या की भूल त्या जागी जास्त वेळ टिकते. दंतवैद्याकडे सुई घेतल्यावर छातीत क्षणभर धडधड होते, तिच्या मागे पुष्कळदा हेच अ‍ॅड्रेनालिन असते.

आज त्याचे सर्वात मोलाचे काम मात्र तीव्र अ‍ॅलर्जीत आहे. औषध, मधमाशीचा दंश किंवा एखादा अन्नपदार्थ यांनी अंगावर गांधी उठून श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, तेव्हा मांडीच्या स्नायूत वेळेवर दिलेले अ‍ॅड्रेनालिन जीव वाचवते. शहापूर-मुरबाडच्या रानात साप चावलेला माणूस सरकारी रुग्णालयात येतो तेव्हा प्रतिविषाची सुई सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवायचे असते, कारण घोड्याच्या रक्तापासून केलेल्या प्रतिविषाचीच अ‍ॅलर्जी उठू शकते. विंचूदंशात चित्र उलटे. तिथे विषामुळे शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनालिन आणि त्याच्या भावंडांचा पूर आणते आणि हृदय थकते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथे प्राझोसिन हे त्या पुराला बांध घालणारे औषध वापरून कोकणातले मृत्यू कमी केले.

अ‍ॅड्रेनालिनचे पेटंट ताकामिनेला १९०३ मध्ये मिळाले. प्रत्येक प्राण्याच्या शरीरात असलेले द्रव्य एका माणसाच्या मालकीचे कसे, असा वाद कोर्टात गेला. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला की शुद्ध करून औषधाच्या रूपात आणलेले द्रव्य ग्रंथीतल्या मूळ द्रव्याहून वेगळे ठरते. पुढची शंभर वर्षे औषध कंपन्या या निकालाचा आधार घेत राहिल्या, अगदी माणसाच्या जनुकांवर पेटंट घेईपर्यंत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकांपुरती ती वाट बंद केली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात निसर्गात असलेल्या द्रव्याचा नुसता शोध हा पेटंटला पात्र धरलेलाच नाही, आणि ते शहाणपणाचे आहे.

ताकामिने श्रीमंत झाला. न्यूयॉर्कमध्ये त्याने जपानी लोकांचा क्लब काढला. १९१२ मध्ये वॉशिंग्टनला पोहोचलेल्या ३,०२० चेरीच्या झाडांमागे त्याचा पैसा आणि खटपट होती. त्याआधी आलेली झाडे कीड लागलेली निघाल्याने जाळावी लागली होती. १९१३ मध्ये त्याने जपानमध्ये मूलभूत संशोधनाची राष्ट्रीय संस्था हवी, असा आग्रह धरला आणि १९१७ मध्ये रिकेन उभी राहिली. ११३ क्रमांकाचे मूलद्रव्य निहोनियम तिथेच सापडले. २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ताकामिने वारला. यकृताच्या दुखण्याने त्याला आयुष्यभर कधी पुरते सोडले नव्हते.

अ‍ॅड्रेनालिनच्या शोधनिबंधावर आणि पेटंटवर नाव एकट्या ताकामिनेचे आहे. केइझो उएनाकाने वरिष्ठाविरुद्ध कधी जाहीर तक्रार केली नाही. १९०० च्या त्या उन्हाळ्यात रोज काय केले, कोणत्या नळीत काय घातले आणि स्फटिक कधी दिसले, हे त्याने एका वहीत लिहून ठेवले होते. तो १९६० मध्ये गेला. त्यानंतर ती वही लोकांसमोर आली, आणि जपानमधल्या एका बौद्ध मंदिरात ती आजही जपून ठेवलेली आहे.